लोणावळ्यात विमान उतरू नये

खंडाळ्याच्या बोगद्याअलीकडे शनिवारी सकाळी गाडी अडकली, की लोणावळ्याला विमानतळ हवा हे कुणालाही पटतं. मुंबईकर पहिला तास वाहतुकीला शिव्या देतो, दुसरा सरकारला, आणि तिसऱ्या तासाला ‘ही कल्पना कुणाची?’ म्हणून बायकोकडे बघतो. तरीही मागणी चुकीची आहे. लोणावळ्याला माणसं जातात ती पावसात भिजायला आणि धुक्यात हरवायला. वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. टायगर पॉइंटला समोरची दरी दिसेनाशी झाली की पर्यटक खूश; धावपट्टी दिसेनाशी झाली की वैमानिक माघारी. म्हणजे जायला मजा येईल त्या दिवशी विमान उतरणार नाही, आणि उतरेल त्या मे महिन्यात भुशी डॅमच्या कोरड्या पायऱ्या बघायला तिकीट कोण काढणार? आता यंत्रं धुक्यातही विमान उतरवतात, हे खरं. पण त्यांनाही समोर लोहगड-विसापूर किंवा नागफणी आलेली चालत नाही. सपाट जागा उरते ती भातखाचरांची. इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात जन्मला; त्या खाचरांवर डांबर ओतायला गेलेल्याला मावळात कुणी पाणी तरी विचारेल का, शंका आहे.

शिवाय हे गाव पोसलं आहे ते थांबण्यावर. 1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. चढासाठी मागून इंजिनं जोडायला गाडी कर्जतला थांबायची, म्हणून तिथे वडा खपला. ती सोडवायला लोणावळ्याला थांबायची, म्हणून चिक्की. विमानाला असली सवय नाही. यावर कुणी ब्राझीलचा दाखला देईल: कांपिनासला व्हिराकोपोस विमानतळ आहे, मग आम्हालाच का नको? कांपिनासची वस्ती दहा लाखांवर. लोणावळ्याची 2011 च्या जनगणनेत साठ हजारही नव्हती. आणि सुमारे 100 किलोमीटरवरच्या साओ पाउलोने त्याच व्हिराकोपोसवर कित्येक वर्षं आपली लांब पल्ल्याची विमानं उतरवली. त्या हिशेबाने लोणावळ्याला आजच तीन विमानतळ आहेत: लोहगाव, मुंबई आणि 2025 च्या डिसेंबरात सुरू झालेला नवी मुंबई. राहिला श्रीमंतांचा प्रश्न. त्यांच्यासाठी अँबी व्हॅलीत खाजगी धावपट्टी बांधून झालेलीच आहे. मात्र तिथे उतरून चिक्की घ्यायला लोणावळ्यात यायचं, तर टायगर पॉइंट आणि भुशी डॅमच्या रांगेतून गाडीनेच यावं लागतं.