ग्रह अनुकूल आहेत, पालक नाहीत

महाराष्ट्रात ग्रहांच्या जिवावर पोट भरायचं असेल, तर ज्योतिषाइतका भरवशाचा धंदा दुसरा नाही. प्रवेश परीक्षा नाही, निवृत्तीचं वय नाही आणि अंदाज चुकला तर दोष गिऱ्हाइकाच्या जन्मवेळेचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली या विषयाला विद्यापीठाची दारं उघडून दिली. इग्नूने २०२१ साली ज्योतिषात एम.ए. सुरू केलं. त्यामुळे शनी कुणाचं काय बिघडवतो, याची पदव्युत्तर पदवी आता घरबसल्या मिळते. शनी कशाचा बनलाय हे शिकायचं, तर मात्र घर सोडावं लागतं.

जयंत नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांना घेऊन या धंद्याची एकदा रीतसर परीक्षा घेतली होती. २७ ज्योतिषी, प्रत्येकाला ४० पत्रिका. मूल हुशार आहे की बौद्धिकदृष्ट्या अक्षम, एवढंच ओळखायचं. सरासरी उत्तरं बरोबर आली ४६ टक्के. नुसतं नाणं उडवलं असतं, तरी पन्नासच्या आसपास आली असती. तरीही नाण्याकडे कुणी मुलीची पत्रिका घेऊन जात नाही.

आता दुसरे ग्रह. म्हणजे ग्रह तेच, पण पत्रिकेऐवजी यानातून बघितलेले.

२३ ऑगस्ट २०२३. संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरलं आणि देशातल्या प्रत्येक सोसायटीत एक अंतराळशास्त्रज्ञ जन्माला आला. लँडरचे पाय किती मजबूत होते, हे पार्किंगमध्ये उभं राहून समजावणारे काका सगळ्यांनीच पाहिलेत. पुढच्या जूनमध्ये त्याच काकांची मुलगी म्हणाली, "बाबा, मी जिऑलॉजी घेते." काका म्हणाले, "दगड फोडणार आहेस का?"

हो, काका. दगडच फोडायचे असतात. चंद्रावर दुसरं आहे काय?

आपली गफलत इथेच आहे. रॉकेट हा टेम्पो आहे. टेम्पो झकास आहे, वेळेवर पोचतो, डिझेलही कमी पितो, सगळं मान्य. पण आपण टेम्पोला ओवाळतो आणि आत काय माल होता ते न बघता घरी जातो. चांद्रयान-३ मधला माल काय होता? प्रज्ञान रोव्हरवर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने, म्हणजे पीआरएलने, बनवलेलं एक्स-रे उपकरण होतं. त्याने २३ ठिकाणी चंद्राची माती तपासली. ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला. चंद्र एके काळी वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, हलकी खनिजं साय धरावी तशी वर आली आणि थिजली, या कल्पनेला या मोजमापांनी भक्कम आधार दिला. लँडरवरच्या दुसऱ्या एका उपकरणाने जमिनीत तापमापक खुपसला. वर पन्नासच्या पुढे तापमान आणि अवघ्या आठ सेंटिमीटर खाली उणे दहा. ही कामं करणाऱ्यांत भौतिकी शिकलेले होते, रसायन शिकलेले होते, इलेक्ट्रॉनिक्सवाले होते आणि दगड फोडणारेही होते. त्यांच्यासाठी कुणी ढोल वाजवले नाहीत. टेम्पो गेला होता ना.

दगडांचा अपमान करायचा, तर निदान महाराष्ट्रात करू नये. आपल्या राज्याचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर, म्हणजे बेसॉल्टवर बसलाय. चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचे आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसॉल्टचाच. त्या बेसॉल्टवर अशनी आदळून झालेलं विवर पृथ्वीवर सहजासहजी सापडत नाही. बुलढाणा जिल्ह्यात लोणारला ते आहे, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली त्याची नोंद केली आणि १९७३ साली 'सायन्स'मधल्या निबंधाने ते आघातानेच झालंय हे ठामपणे मांडलं. त्याचं वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं निघतं, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून मोठा फरक आहे. म्हणजे कुणाच्या तरी पीएच.डी.चा विषय एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर पडलाय. आपण तिथे गर्दी केली ती जून २०२० नंतर, पाणी गुलाबी झालं म्हणून.

काटोल घ्या. २२ मे २०१२ रोजी संत्र्यांच्या या गावाच्या परिसरात आकाशातून दगडांचा पाऊस पडला. त्यातल्या एका तुकड्यात २०२१ साली ब्रिजमनाइट सापडलं. हे पृथ्वीच्या पोटातलं सगळ्यात मुबलक खनिज, पण असतं ६६० किलोमीटरच्या खाली, जिथवर माणसाचं कुठलंही ड्रिल पोचलेलं नाही. अंतराळातल्या टकरीच्या दाबाने ते या दगडात तयार झालं होतं. दगड नागपूर जिल्ह्यात पडला, शोधनिबंध निघाला आयआयटी खरगपूरच्या पुढाकाराने. आपल्याकडे बहुधा दगड नक्की कुणाच्या शेतात पडला, याची मोजणी चालू असेल.

मंगळ असलेली मुलगी नको म्हणणाऱ्या देशात मंगळ स्वतः चालून आलाय, हेही सांगून टाकतो. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या शेरघाटीजवळ एक अशनी पडला. पुढे शंभरहून जास्त वर्षांनी, अशाच जातीच्या एका दगडात अडकलेला वायू व्हायकिंग यानांनी मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळला, तेव्हा हे दगड मंगळावरून आलेत हे कळलं. आज जगभर त्या जातीला शेरगोटाइट म्हणतात. पत्रिका न जुळवता बिहारचं एक गाव मंगळाच्या घरात नांदतंय.

आणि उद्योग गुजरातला गेले म्हणून ओरड करणाऱ्यांना एक जुनी बातमी. अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या मातीवर भारतात पहिलं काम झालं ते मुंबईत, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, देवेंद्र लाल यांच्या गटात. लाल १९७२ साली पीआरएलचे संचालक झाले आणि त्यांचं काम नि माणसं अहमदाबादला गेली. कारखाने आत्ता आत्ता गेले. चंद्र पन्नास वर्षांपूर्वीच गेलाय. एकाही पक्षाने बंद पुकारला नाही.

'पण यात स्कोप काय?' हा प्रश्न आता येणारच. सरळ सांगतो, कारण सरळ कुणी सांगत नाही.

वाट अशी आहे. बी.एस्सी. जिऑलॉजी, फिजिक्स किंवा केमिस्ट्री. मग जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी., नाहीतर आपल्याच विद्यापीठात. मग नेट, गेट किंवा जेस्ट, आणि पीआरएल, आयआयटी, आयसर यांपैकी कुठेतरी पीएच.डी. नेटच्या एका पेपरचं अधिकृत नावच 'पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान' असं आहे. ग्रहविज्ञान सरकारी परीक्षेत आहे, फक्त क्लासच्या फ्लेक्सवर नाही. इंजिनिअरिंगच करायचं असेल, तर तिरुवनंतपुरमला इस्रोच्या पंखाखालची आयआयएसटी आहे, जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून प्रवेश. उपकरणं बनवायला इंजिनिअर लागतातच. अहमदाबादचं स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटर आणि तिरुवनंतपुरमची स्पेस फिजिक्स लॅबोरेटरी ही कामाची आणखी दोन ठिकाणं.

पैसे? ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार, वर घरभाडं. हिंजवडीतला आतेभाऊ याहून जास्त कमावतो, हे लग्नात ऐकावं लागेल. पीएच.डी. होईपर्यंत तिशी दिसायला लागते आणि त्यानंतर कायम नोकऱ्या मोजक्या. हे लपवून पोरांना चंद्र दाखवणं हा निव्वळ लबाडपणा आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. जिऑलॉजीची पदवी मंगळाकडे जाणारी गाडी चुकली तरी वाया जात नाही. यूपीएससी दरवर्षी भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा घेते आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची दारं त्यातून उघडतात. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. उपग्रहाची चित्रं वाचता आली, तर नागपूरला सुदूर संवेदनाचं राज्याचं केंद्र आहे. मंगळावर पाणी कुठे होतं ते शोधायला शिकलेला माणूस मराठवाड्यात पाणी कुठे आहे ते शोधू शकतो. त्याची गरज कुठे जास्त आहे, ते एप्रिलमध्ये विचारा.

परदेशी जायचंय? जरूर जा. पण अमेरिकेचं दारही पूर्वीइतकं सताड उघडं नाही. मंगळावर रोव्हर धाडणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने फेब्रुवारी २०२४ मध्ये एका फटक्यात सुमारे ५३० माणसं कमी केली. नासाच्या थेट सरकारी नोकरीला अमेरिकी नागरिकत्व लागतं. त्यामुळे 'मुलगा नासात जाणार' हे वाक्य तिसरीच्या स्नेहसंमेलनात जरा जपून बोलावं.

या वाक्यावरच एक मोठा धंदा उभा आहे. शाळेचं नाव काही असो, जाहिरातीत नासा असतंच. प्लॅस्टिकच्या रॉकेटची 'स्पेस लॅब', तिची वेगळी फी. ऑलिंपियाड, त्याचं पदक, पदकाची वेगळी फी. मग वर्तमानपत्रात बातमी येते, 'चिमुकलीचं नाव मंगळावर, नासाकडून प्रमाणपत्र'. पर्सिव्हरन्स रोव्हरबरोबर एक कोटी नऊ लाख नावं गेली. नाव पाठवलं की बोर्डिंग पास मिळत होता, पाचवी नापासालाही. दुसरी आवडती बातमी, 'विद्यार्थ्याने शोधला लघुग्रह'. हवाईतल्या दुर्बिणीची चित्रं मुलांना देऊन हलणारे ठिपके शोधायला लावतात. उपक्रम उत्तम आहे, मुलं खरंच शिकतात. पण ती पहिली नोंद असते. तो ठिपका पक्का होऊन त्याला क्रमांक मिळायला पुढे कित्येक वर्षांची निरीक्षणं लागतात. तोवर सत्कार, शाल आणि नगरसेवकाचा फोटो होऊन जातो. ठिपका बिचारा एकटाच फिरत राहतो.

फुकट मिळणाऱ्या चांगल्या गोष्टींची जाहिरात मात्र कुणी करत नाही, कारण त्यात कमिशन नाही. इस्रोचा 'युविका' कार्यक्रम नववीच्या मुलांसाठी आहे आणि पंचायत क्षेत्रातल्या शाळांतल्या मुलांना त्यात जादा गुण मिळतात. देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्ती पदवीच्या मुलांना खऱ्या प्रयोगशाळेत नेऊन बसवते. आणि चांद्रयान-३ ची सुमारे ५५ जीबी मोजमापं इस्रोने २३ ऑगस्ट २०२४ ला सगळ्यांसाठी खुली केली. नाव नोंदवा, उतरवून घ्या, नकाशे करायला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट. काकांच्या मोबाइलमध्ये शुभ सकाळच्या गुलाबांनीच एवढी जागा अडवलेली असते.

शाळा-कॉलेजांनाही थोडं ऐकवायला हवं. अकरावी-बारावीला भूशास्त्र हा विषय आपल्या राज्य मंडळात आहे, बालभारतीचं पुस्तकही आहे. शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालयं मात्र शोधावी लागतात. ज्या राज्यात लोणार आहे, तिथे हा विषय शिक्षकाअभावी बंद पडत असेल, तर अंतराळ दिनाची रांगोळी काढून काय साधणार? सित्तमपुंडी हे नाव ऐकलंय? तमिळनाडूतल्या नामक्कलकडचं गाव. तिथला खडक चंद्रावरच्या खडकाशी मिळताजुळता आहे, हे भूशास्त्रज्ञांनी ओळखलं आणि इस्रोने तो दळून बंगळुरूला रोव्हरच्या चाचणीसाठी चंद्राची जमीन तयार केली. गावाकडचा दगड ओळखता येणं ही अंतराळ मोहिमेची पात्रता आहे, ती अशी.

पुढे काम वाढणार आहे, कमी होणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने दोन मोहिमा मंजूर केल्या. शुक्रावर जाणाऱ्या यानाला १,२३६ कोटी. तिथे आनंदीबाई जोशींच्या नावाचं विवर आधीपासून आहे, म्हणजे आपली एक बाई पोचलेलीच आहे. आणि चांद्रयान-४ ला २,१०४ कोटी, चंद्राची माती भारतात आणण्यासाठी. माती आणणं ही इस्रोची जबाबदारी. ती वाचणारी माणसं घडवणं हे घराचं आणि कॉलेजचं काम.

घाई नाही, हेही खरं. अपोलो १७ ने १९७२ साली आणलेल्या नमुन्याची एक नळी अमेरिकेने मुद्दाम सीलबंद ठेवली आणि थेट २०२२ साली उघडली. ती तपासणाऱ्यांपैकी कित्येक जण नळी सील झाली तेव्हा जन्मलेही नव्हते. आपल्या मातीचंही असंच होईल. ती तपासणारी मुलं आज नववी-दहावीत कुठेतरी बसली आहेत. त्यांच्या आईबापांना एवढीच विनंती: पोरगं भूशास्त्र घेतो म्हणालं, तर वाद घालू नका. फी भरा. इंजिनिअरिंगपेक्षा ती पुष्कळ कमी आहे.