ब्रेकपेक्षा हॉर्न बरा

बीड जिल्ह्याच्या विकासाविषयी बोलताना आपण पाणी, रस्ते आणि उद्योग यांच्यापलीकडे जात नाही. या तिन्हींत सांगण्यासारखं फारसं नसल्यामुळे चर्चा लवकर आटोपते, आणि नागरिकांनी पदरमोड करून, अनुदानाची वाट न पाहता उभं केलेलं काम तेवढं दुर्लक्षित राहतं. अशाच एका कामाची नोंद व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच. आमच्या गल्लीतल्या एका तरुणाने आजोबांच्या बुलेटला नवा हॉर्न बसवला आहे.

बुलेट ही काही मुकी गाडी नव्हे. 1955 पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या या गाडीचा धडधडाट मालकाच्या आधी घरी पोचतो. आजोबा गल्लीच्या तोंडाशी आले की आजी चहाचं आधण ठेवायची, असं घरचे सांगतात. हॉर्न मात्र सहा व्होल्टचा आणि भिडस्त. शेवटच्या बाकावरच्या पोराने हजेरी द्यावी तसा. आजोबांनी तो आयुष्यात फारसा वाजवलाच नाही. पुढे म्हातारा माणूस दिसला तर ते गाडी हळू करत, गाय आडवी आली तर थांबत. त्या काळी लोकांना वेळ फार होता.

नातवाने ही उणीव भरून काढली, आणि कामात कसर ठेवली नाही. आधी गाडी बारा व्होल्टची करून घेतली. मग मोठ्या गाडीला शोभेल अशी हाय टोन-लो टोनची जोडी आणली. दोन्ही मिळून आठ-दहा अँपियर ओढतात. हँडलवरच्या जुन्या बटणाला आणि त्याच्या बारीक वायरला एवढा करंट सोसत नाही. म्हणून मिस्त्रींनी मध्ये रिले टाकला. रिलेची गंमत अशी की बटणाने फक्त इशारा करायचा. खरा करंट बॅटरीतून, फ्यूजमधून, परस्पर हॉर्नला जातो. सरकारी कचेरीत ज्याची कामं झाली आहेत त्याला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको. जाड वायर, घट्ट लग्स, रंग खरवडून दिलेलं अर्थिंग, वरून टेप. जिल्ह्यातल्या किती सार्वजनिक कामांना एवढी चोख जोडणी लाभली आहे, हे वाचकांनीच आठवून पाहावं. बटण दाबलं की हेडलाइटशेजारच्या अँपिअर मीटरचा काटा नमस्कार केल्यासारखा डावीकडे झुकतो.

काम चालू असताना मिस्त्रींनी एक जुनाट विचार मांडला. "भाऊ, पुढचा ब्रेक धरत नाही. शू पार घासलेत, केबलचे तार सुटायलेत. आधी ते करू." मालकाने शांतपणे उत्तर दिलं, "ते बघू पुढच्या महिन्यात. आधी आवाज काढा."

या उत्तरात हट्ट कुणाला दिसेल, मला अर्थशास्त्र दिसतं. ब्रेकवर खर्च केला तर फक्त आपली गाडी थांबते. हॉर्नवर खर्च केला तर समोरचं जग थांबतं. शिवाय ब्रेक वापरून झिजतो, हॉर्नने झिजतो तो दुसऱ्याचा कान, आणि त्याचा देखभालखर्च ज्याचा तो करतो. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हे आपले वाडवडील सांगून गेलेच आहेत. ब्रेक तर जन्माचा अबोल.

मोठ्या हॉर्नची गरज आपल्या रस्त्यांनीच सिद्ध केली आहे. ऊसतोडीच्या हंगामात माजलगाव-गेवराईकडे निघालात की पुढे ट्रॅक्टर असतो, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर स्पीकर. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, पण गाणं आहे. साधा हॉर्न त्या गाण्यात साथीला गेल्यासारखा वाटतो. म्हणून बुलेटवाला हॉर्न वाढवतो, तो ऐकू येऊ नये म्हणून ट्रॅक्टरवाला स्पीकर वाढवतो, दोघांच्या वर यावं म्हणून टेम्पोवाला प्रेशर हॉर्न बसवतो. याला काही लोक गोंगाट म्हणतात. मी निकोप स्पर्धा म्हणतो. एका रिफ्लेक्टरच्या पट्टीने हा सगळा व्यापार बसला असता.

प्रगती मोजायची तर आकडेही आहेत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. डेसिबलची शिडी अशी की दर दहा डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे 55 वरून 105 वर गेलं की ती लाखपट. जिल्ह्यात दुसरं काय लाखपट वाढलं, ते दाखवून द्यावं.

कायद्याचा अडसर आहे, पण तो समजूतदार आहे. कर्कश, दचकवणारे आणि अनेक सुरांचे हॉर्न बसवायला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 119 वा नियम मनाई करतो. विनाकारण हॉर्न वाजवला तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पहिल्यांदा 1,000 आणि त्यानंतर 2,000 रुपये दंड आहे. म्हणजे कलेला दर ठरलेला आहे. आकारायला कुणी आलं तर. मुंबई पोलिसांनी मध्यंतरी सिग्नलला डेसिबल मीटर जोडून पाहिलं: आवाज 85 च्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. आपल्याकडे ही दडपशाही चालणार नाही. लाल दिव्याला थांबण्याची मूळ अटच अवघड आहे. नितीन गडकरींनी हॉर्नमधून बासरी-तबल्याचे सूर यावेत, असं सुचवलं होतं. हेतू थोर आहे. पण बासरीला घाबरून रस्ता कोण सोडेल?

आणि बीडकरांच्या भावनाही समजून घ्या. शहरातून प्रवासी रेल्वे सुटायला 2025 चा 17 सप्टेंबर उजाडावा लागला. शिट्टीसाठी ज्यांच्या दोन-तीन पिढ्या थांबल्या, त्यांनी ती आपापल्या गाडीला बसवून घेतली तर दोष कुणाला द्यायचा?

राहिला रात्रीचा प्रश्न. रात्री 10 ते सकाळी 6 निवासी भागात हॉर्न वाजवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच सांगितलं आहे. आमचे हे बुलेटवाले मित्र साडेअकराला परततात आणि फाटक उघडण्यासाठी दोनदा वाजवतात. पहिल्या हॉर्नला शेजारचं तान्हं पोर उठतं, दुसऱ्याला त्याची आई उठते, त्यानंतर गल्लीतली कुत्री. फाटकाला आतून कडी नसते. ते हाताने ढकललं तरी उघडतं. पण गल्ली एकाच वेळी जागी होण्याचे प्रसंग हल्ली निवडणुकीखेरीज येतात कुठे? मागच्या आठवड्यात आजींनी खिडकीतून हाक मारली, "बाळा, तुझे आजोबा उतरून फाटक उघडायचे रे." मित्राने प्रेमाने हात हलवला. इंजिन चालू होतं, त्याला ऐकू आलं नाही.

तेव्हा या उपक्रमाचं मोकळ्या मनाने स्वागत करू या. वाचकांना एकच विनंती: रस्ता ओलांडताना मागून तो आवाज आला, तर वळून पाहण्यात वेळ घालवू नका, बाजूला व्हा. पुढचा ब्रेक अजून बदललेला नाही.