जिन्याखालची बाळंतीण

"अहो वहिनी, कळलं का? आमच्या जिन्याखाली तांबी व्याली!"

"तरीच रात्रभर उकरल्याचा आवाज येत होता. किती झाली?"

"सहा दिसली. वाकून मोजायला गेले तर गुरगुरली की हो माझ्यावर! एरवी पायात घोटाळणारी ती. म्हटलं, बाळंतीण आहे, चालायचंच."

"वेळेवर झाली म्हणायची. भाद्रपद सरून दोन महिने होत आले."

"त्रेसष्ट दिवस, दोन-चार इकडे-तिकडे. पण त्या वरच्या मजल्यावरच्या बाई! उजाडताच बोंब ठोकली, 'कुत्री पिल्लं खातेय!' कसली पिल्लं? वार खात होती. पिल्लावरची पिशवी फाडायची, नाळ दातानं तोडायची, चाटून चाटून कोरडं करायचं नि वार गिळून टाकायची. सगळं एकटीनं."

"शी! ऐकवत नाही बाई."

"पुढचं तर ऐका. त्या पिल्लांना आपली आपण शी-शूसुद्धा होत नाही. ती पोटाखाली चाटते तेव्हा कुठे होते, आणि तेही तीच चाटून साफ करते. दोन-तीन आठवडे हाच उद्योग. म्हणून तर जिन्याखाली डाग नाही."

"पण तिच्या अंगावरून काहीतरी हिरवट जातंय, पाहिलंत?"

"सुरुवातीला तसंच असतं, मग तांबूस होतं. घाण वास आला तर बघू."

"मी म्हणत होते, थंडीचे दिवस, खोक्यात घालून गॅलरीत…"

"तुमच्या बंड्यानं सकाळी तेच केलं ना! तिनं मानगूट धरून पिल्लू परत आणलं. आणखी छेडलंत तर अख्खं बिऱ्हाड हलवेल कुठेतरी. डोळे मिटलेले, कान बंद, अंगात ऊब धरत नाही. आई हीच त्यांची शेगडी."

"मग खायला तरी देऊ?"

"तिला द्या. भात, अंडं, भांडंभर पाणी. तोंडाजवळ ठेवायचं नि मागे व्हायचं, आज ती उठायची नाही. पिल्लांना गाईचं दूध मात्र नको, जुलाब लागतील. त्यांना तिचाच चीक हवा, तोही आजच. आणि पुढे कधी थरथरायला लागली, पाय ताठले, तर थेट डॉक्टर. दूध पाजून कॅल्शियम उतरतं. माहेरची राणी अशीच आडवी झाली होती, इंजेक्शन दिलं तेव्हा उठली."

"आणि यांचा बाप कोण?"

"कोण म्हणजे? एका वेतात दोन-तीन बापांचीही असतात! हळू बोला… त्यातलं एक ना, पांढरं, काळ्या ठिपक्यांचं आहे."

"अगं बाई! म्हणजे वरच्या बाईंचा टायगर?"

"मी कुठं काय म्हटलं?"