खिडकी उघडली जावो

इंग्रजीच्या पेपरात 'चेंज द व्हॉइस' हा प्रश्न ज्यांनी सोडवला आहे, त्यांना एक वाक्य जन्मभर पुरतं. 'ओपन द विंडो.' याचं पॅसिव्ह करा. उत्तर : 'लेट द विंडो बी ओपन्ड.' आता हे वाक्य शाळेबाहेर कोणी कोणाला म्हटलं असेल? सृष्टी निर्माण करताना देव साधारण याच थाटात बोलला, असं बायबलात आहे. पण उकाड्याने हैराण झालेला माणूस एसटीत शेजाऱ्याला असं सांगत नाही. आणि 'हू ब्रोक द कप?' ऐवजी 'बाय हूम वॉज द कप ब्रोकन?' असा जाब विचारणारी आई कुठे असेल, तर तिला पाहायला मी तिकीट काढून जाईन.

आम्ही मात्र हे सगळं त्रैराशिकासारखं करत गेलो. कर्म उचलून पुढे, कर्त्याला 'बाय' चिकटवून मागे, मधे 'वॉज' आणि क्रियापदाचं तिसरं रूप. मांजराने उंदीर मारला. उंदीर मांजराकडून मारला गेला. दोन्हीला पूर्ण मार्क. गोष्ट मांजराची चालली आहे की उंदराची, हे कोणी विचारलं नाही. त्याला मार्क नव्हते ना! वास्तविक व्हॉइसचं सगळं मर्म तेवढ्यातच आहे.

'रेन अँड मार्टिन' या व्याकरणातल्या रेनसाहेबांना ते नक्की ठाऊक असणार. हे पर्सिव्हल रेन भारतात शिक्षण खात्यात होते, आणि १९२४ साली 'बो जेस्ट' नावाची फ्रेंच फॉरेन लीजनवरची गाजलेली साहसकादंबरीही त्यांनीच लिहिली. तिच्या सुरुवातीला वाळवंटातला एक किल्ला दिसतो. तटावर शिपाई बंदुका रोखून उभे आहेत, पण सगळे मेलेले. त्यांना तिथे उभं करण्यात आलं आहे. कोणी केलं? ते कळायला कादंबरी वाचावी लागते. थोडक्यात, कर्ता वेळेवर लपवला की वाचक कसा खिळून बसतो, हे या गृहस्थाला पक्कं कळत होतं. आमच्या वाट्याला त्याने मांजर आणि उंदीर ठेवले, इतकंच.

पुढे लिहू लागल्यावर कळतं की जगाने पॅसिव्हला वाळीतच टाकलंय. कॉर्नेल विद्यापीठाच्या विल्यम स्ट्रंकनी १९१८ साली विद्यार्थ्यांसाठी एक चोपडं छापलं, १९५९ मध्ये ई. बी. व्हाइटनी ते वाढवलं, आणि ॲक्टिव्ह व्हॉइस वापरा ही त्यातली आज्ञा अमेरिकेत घरोघरी पोचली. मधल्या काळात, १९४६ साली, जॉर्ज ऑर्वेलनीही राजकारण आणि इंग्रजी भाषेवरच्या निबंधात तसाच नियम घालून दिला. गंमत अशी, की त्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात एक पॅसिव्ह आरामात पाय पसरून बसलेलं आहे. आणि २००९ मध्ये जेफ्री पुलम नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की स्ट्रंक-व्हाइटनी या कलमाखाली सुधारायला घेतलेल्या चार वाक्यांपैकी तीन पॅसिव्ह नव्हतीच. जमिनीवर वाळकी पानं पडली होती, असं एक त्यांत आहे. पानं बिचारी आपली आपण पडली होती.

ओळखायची एक युक्ती रिबेका जॉन्सन या अमेरिकन प्राध्यापिकेने सांगितली आहे. क्रियापदानंतर 'बाय झॉम्बीज' घालून पाहा. वाक्य जमलं तर पॅसिव्ह. आपल्याकडे झॉम्बी नाहीत, पण मुंजा आहे. 'द विंडो वॉज ओपन्ड बाय अ मुंजा.' जमलं, शाळेतल्या वाक्यापेक्षा जास्तच जमलं. 'लीव्हज वेअर लाइंग ऑन द ग्राउंड बाय अ मुंजा.' नाही जमत. पानं सुटली.

पॅसिव्हची खरी बदनामी केली ती राजकारण्यांनी. 'मिस्टेक्स वेअर मेड', चुका झाल्या, या वाक्यात 'बाय' नाही, म्हणून तर ते त्यांचं लाडकं. १८७६ साली अमेरिकन राष्ट्राध्यक्ष ग्रँटनी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात ते साधारण याच रूपात आहे. निदान त्यांनी, आपल्यालाही हे मान्य आहे, अशी पुस्ती तरी जोडली. १९८७ च्या जानेवारीत इराणला केलेल्या शस्त्रविक्रीबद्दल बोलताना रेगननी जबाबदारी घेतली, पण गंभीर चुका मात्र नुसत्या झाल्याच, असं सांगितलं. विल्यम श्नायडर या राज्यशास्त्रज्ञाने मग या प्रयोगाला स्वतंत्र काळच बहाल केला. मराठीत त्याला दोषमुक्त भूतकाळ म्हणता येईल.

आपण मराठी माणसं या प्रकरणात जरा घोळात सापडतो. 'रामाने कैरी खाल्ली' हा आपला कर्मणी प्रयोग. क्रियापद कैरीच्या तालावर नाचतं. आंबा असता तर 'खाल्ला' झालं असतं. म्हणून मुलं कर्मणी म्हणजेच पॅसिव्ह असं धरून चालतात. पण आपल्या कर्मणीत राम कुठे जातो? 'ने' लावून पहिल्या बाकावर बसलेला असतो, तोंडाला कैरीचं तिखटमीठ लागलेलं. इंग्रजी पॅसिव्हमध्ये त्याला मागच्या दाराने पसार होता येतं, आपल्या या प्रयोगात नाही. 'रामाने रावणाला मारलं' या भावे प्रयोगात तर क्रियापद रामाचंही ऐकत नाही आणि रावणाचंही. तरी मारलं कोणी ते स्पष्ट असतं. याचा अर्थ आपण फार सचोटीचे, असा मात्र काढू नये. आपल्याला पळून जायला प्रयोग बदलावा लागत नाही. 'कप फुटला', 'दूध उतू गेलं', 'सांगायचं राहून गेलं' ही सगळी शुद्ध कर्तरी वाक्यं आहेत. कर्ता आहे, पण तो कप आहे.

सरकारी इंग्रजीत तर कर्ता लपतोच, वर निरोप्याही लपतो. केंद्र सरकारच्या ऑफिस मेमोरँडमची सुरुवात 'दि अंडरसाइन्ड इज डायरेक्टेड टू' अशी होते. खाली सही करणाऱ्याला निर्देश देण्यात आला आहे. कोणी दिला, ते नाही. आणि ज्याला दिला तो 'मी' असं म्हणत नाही, लांबून स्वतःकडे बोट दाखवतो. हसू येतं, पण यात एक शहाणपणही आहे. निर्णय सरकारचा, अवर सचिवांचा नव्हे. उद्या ते बदलून गेले तरी निर्णय जागेवर राहतो.

म्हणून सरसकट लाल रेघ मारणारे मला पटत नाहीत. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. इंग्रजीतल्या टिळकचरित्रात हे 'टिळक वॉज सेंटेन्स्ड' असंच यायला हवं. 'जस्टिस दावर सेंटेन्स्ड टिळक' केलंत तर वाक्य चपळ होईल, पण वाचकाची नजर नको तिथे, न्यायासनाकडे वळेल. टिळक पुढच्या वाक्यात मंडालेला निघणार आहेत. दावर घरी जातील.

घटनेचंच पाहा. उद्देशिकेचं इंग्रजी वाक्य 'वुई' या शब्दाने सुरू होतं आणि पुष्कळ वळणं घेऊन ही घटना आम्ही स्वतःला देत आहोत, असं म्हणतं. ठणठणीत ॲक्टिव्ह. पण २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत संमत झालेलं आजचं सतरावं कलम बघा : अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, तिचं आचरण निषिद्ध करण्यात आलं आहे. इंग्रजीत दोन्ही क्रियापदं पॅसिव्ह, 'बाय' कुठेच नाही. मला ते फार योग्य वाटतं. तिथे कोणीही कर्ता घातला असता, तरी त्याने उपकार केल्यासारखं झालं असतं.

आमची एक भाची पुण्यात रसायनशास्त्रात संशोधन करते. तिच्या गाइडना सगळं पॅसिव्ह लागतं : द्रावण ढवळण्यात आलं, तापवण्यात आलं. ती मला म्हणते, "मामा, रात्री दोन वाजता मी ढवळत होते, आणि प्रबंधात मी नाहीच!" 'नेचर'ची नियतकालिकं ॲक्टिव्हलाच पसंती देतात, आणि वॉटसन-क्रिक यांचा डीएनएवरचा १९५३ चा लेखही 'वुई' म्हणूनच सुरू होतो, हे तिने गाइडना सांगून पाहिलं. "आधी डीएनए शोधा," असं उत्तर मिळालं. मी तिला म्हटलं, प्रयोगाच्या प्रकरणात तू ढवळलंस की आणखी कोणी, याने द्रावणाला फरक पडत नाही, तिथे नसलीस तरी चालेल. निष्कर्ष काढतेस तिथे मात्र हजर राहा. तो चुकला तर कोणाला धरायचं ते कळू दे.

प्रबंधाचं आभाराचं पान गाइडनी वाचलं नव्हतं, त्यामुळे तिथे तिने मनसोक्त 'आय थँक' केलं. एकच वाक्य पॅसिव्ह निघालं : दिवाळीच्या सुट्टीत फ्रीजमधले नमुने सांभाळले गेले, आणि मग 'बाय', आणि त्यानंतर अगदी शेवटी, पूर्णविरामाला टेकून, लॅबच्या शिपाईकाकांचं पूर्ण नाव. इंग्रजी वाक्यात जोर शेवटाला पडतो, हे तिला कोणी शिकवलं होतं कोण जाणे. संगणकाने त्याच्याखाली निळी रेघ मारून ॲक्टिव्ह करण्याची सूचना केली. तिने 'इग्नोर' दाबलं.