‘आम्ही त्या मुलांना कुठे म्हणालो?’

विरोधी पक्षाच्या नेत्याला कुणी ‘मतिमंद’ म्हणतं, झेल सोडणाऱ्या खेळाडूला कुणी ‘मंद’, ऑफिसातल्या साहेबाला कुणी ‘मेंटल’. हटकलं की उत्तर तयार असतं: आम्ही त्या मुलांना कुठे म्हणालो? आम्ही तर याला म्हणालो.

हा बचाव नाही, ही कबुली आहे. समोरच्याला तुम्हाला खाली खेचायचं होतं. सगळ्यात खालची पायरी कुठली म्हणून पाहिलंत, तर तिथे तुम्हाला ती मुलं दिसली. त्यांना तिथे उभं तुम्हीच केलेलं होतं.

आता ज्या नेत्याला म्हटलं त्याच्याकडे बघा. त्याचे पाठीराखे चवताळतात, साहेबांच्या पदव्या आणि भाषणं पुढे करतात, मग तोच शब्द उलटा फेकतात. माफी मागायची तीही साहेबांची. दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर पक्कं एकमत असतं, की तसं असण्यासारखी दुसरी नामुष्की नाही. आणि ज्यांची मुलं खरोखर तशी आहेत ते आईबाप हीच बातमी घरी बघत असतात. त्यांची माफी कुणी मागत नाही.

अशा वेळी काय बोलावं याचं मला माहीत असलेलं सर्वांत चोख उत्तर अमेरिकेतल्या एका तरुणाने दिलं आहे. २२ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री अध्यक्षपदाचे उमेदवार ओबामा आणि रॉम्नी यांचा तिसरा वादविवाद झाला. तो संपल्यावर अ‍ॅन कोल्टर या राजकीय भाष्यकार बाईंनी ट्विटरवर ओबामांना ‘रिटार्ड’, म्हणजे मतिमंद, म्हटलं. डाउन सिंड्रोम असलेला, बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये खेळणारा ३० वर्षांचा जॉन फ्रँकलिन स्टीफन्स याने त्यांना जाहीर पत्र लिहिलं. ओबामा तसे नाहीत, हे सांगण्यात त्याने एक ओळही घालवली नाही. त्याने विचारलं, बाई, तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं? लहानपणी इतरांनी छळलं तरी त्यावर मात करून वर आलेला माणूस, असं म्हणायचं होतं का? की बोलण्याआधी नीट विचार करणारा माणूस? की अपुरे उपचार आणि तुटपुंजी कमाई वाट्याला येऊनही ज्याला आयुष्य सुंदर वाटतं असा माणूस? मग तो म्हणाला, की तुम्हाला राष्ट्राध्यक्षांना कमी लेखायचं होतं आणि त्यासाठी तुम्ही त्यांना माझ्यासारख्यांशी जोडलंत. माझ्यासारख्यांशी तुलना होणं हा तर मान समजायला हवा. शेवटी त्याने बाईंना स्पेशल ऑलिम्पिक्स बघायला बोलावलं.

कोल्टर बाईंनी दिलगिरी व्यक्त केली नाही. त्यांचं म्हणणं असं, की तो शब्द आता ‘हरलेला माणूस’ एवढ्याच अर्थाने वापरतात, त्या मुलांना कोण म्हणतं? जळगाव किंवा सांगलीच्या चौकात मिळतं तेच उत्तर, फक्त इंग्रजीत.

स्टीफन्सच्या उत्तराचं बळ कशात आहे ते नीट पाहायला हवं. आपण अशा वेळी लगेच म्हणतो, ‘अहो, तीही हुशार असतात, तीही पदकं मिळवतात.’ मिळवतात, हे खरंच आहे. बर्लिनला २०२३ मध्ये झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक्सच्या जागतिक स्पर्धेतून भारतीय चमू २०२ पदकं घेऊन आला, त्यांतली ७६ सुवर्ण. त्या खेळाडूंचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण जो पळू शकत नाही, बोलू शकत नाही, चाळिशीतही ज्याला आई भरवते, त्याच्या मानासाठी मी पदक दाखवणार नाही. पदकावर मिळालेला मान पदक नसलेल्याचा राहत नाही.

आपल्याकडचं बघू. मार्च २०१९ मध्ये स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या कार्यक्रमात एक विद्यार्थिनी पंतप्रधानांना डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठीचा आपला प्रकल्प समजावून सांगत होती. चाळीस-पन्नास वर्षांच्या मुलालाही याचा उपयोग होईल का, असं पंतप्रधानांनी विचारलं, आणि होईल म्हटल्यावर, अशा मुलांच्या आयांना आनंद होईल अशी पुस्ती जोडली. रोख विरोधी पक्षाच्या एका नेत्याकडे आहे हे सगळ्यांना कळलं आणि सभागृह हसलं. दिव्यांगांच्या संघटनांनी माफीची मागणी केली. मला पंतप्रधानांच्या बोलण्याइतकंच ते हसणारं सभागृह खुपतं. अभियांत्रिकीची मुलं होती ती. त्यांच्याच वर्गात अक्षरांशी झगडत तिथवर पोचलेलं कुणी तरी नक्की असेल, आणि सगळ्यांबरोबर त्यालाही हसावं लागलं असेल.

हे एकाच पक्षाचं दुखणं नाही. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये सगळ्याच राजकीय पक्षांना लेखी बजावलं, की भाषणांत, लेखांत, प्रचारात दिव्यांगांविषयी अपमानकारक बोलायचं नाही आणि माणसाची नालायकी दाखवायला अपंगत्वाचे शब्द वापरायचे नाहीत. ‘पागल’, ‘सिरफिरा’, ‘अंधा’, ‘बहिरा’, ‘लंगडा’ असे शब्दच आयोगाने उदाहरणादाखल दिले. पुढच्याच वर्षी, ८ जुलै २०२४ ला, ‘आंख मिचोली’ या हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडद्यावरच्या दिव्यांगांच्या चित्रणासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद वेगळा आणि अपंगांना हिणवणारा विनोद वेगळा, असा स्पष्ट भेद न्यायालयाने केला. विनोदबुद्धी जपायची म्हणून गळा काढणाऱ्यांनी तो निकाल जरूर वाचावा.

कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ९२: चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम पाणउतारा केला तर किमान ६ महिने, जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आणि दंड. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार हे सगळे त्या कायद्याच्या यादीत आहेत. पण मावसभावाने मावसभावाला ‘मंद’ म्हटलं की पोलीस धावून येणार नाहीत आणि यायलाही नकोत. तिथे तुम्ही-आम्ही बोलायचं आहे.

आणि बोलायचं ते लगेच, सगळ्यांसमोर. नंतर बाजूला घेऊन समजवावं असं अनेक भले लोक सांगतात. मला ते पटत नाही. अपमान दहा जणांनी ऐकला, आक्षेप एकालाच ऐकू आला, तर उरलेल्या नऊ जणांच्या लेखी तुम्ही गप्पच होतात. त्या नऊ जणांत कुणाचा भाऊ असेल, कुणाची मुलगी असेल, कुणी स्वतः रोज रात्री गोळी घेऊन झोपणारा असेल. आवाज चढवायची गरज नाही. ‘हा शब्द नको. राग आलाय तर त्याचं काय चुकलं ते सांग.’ एवढं पुरतं. बहुतेक वेळा समोरच्याकडे सांगायला काही नसतं, हेही तिथेच उघडं पडतं.

‘आमच्या घरी तसं मूल आहे, म्हणून सांगतो’ ही प्रस्तावना मात्र बंद झाली पाहिजे. घरी तसं मूल नसेल तर ऐकून घ्यायचं का? हटकायचं काम आपण आजवर त्या आईबापांवरच टाकलं आहे, आणि त्यांच्यामागे आधीच केवढं लागलेलं असतं. प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयाच्या चकरा, थेरपी, शाळा, अठरा वर्षं पूर्ण झाली की कायदेशीर पालकत्वाचे कागद, आणि या सगळ्याखाली अहोरात्र तो एक प्रश्न, जो अशा प्रत्येक घरात याच शब्दांत ऐकू येतो: ‘आमच्यानंतर याचं काय?’ हा प्रश्न उशाशी घेऊन झोपणाऱ्या बाईने सकाळी उठून आपल्याला भाषा शिकवत बसावं, ही अपेक्षा निर्दयी आहे.

मानसिक आजाराचंही तेच. ‘याला ठाण्याला न्या’, ‘येरवड्यात भरती करा’, विदर्भात नागपूर, कोकणात रत्नागिरी. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं जिथे जिथे आहेत, त्या गावांची नावंच आपण टवाळीला लावली. फॅमिली ग्रुपवर ‘वेड्यांच्या इस्पितळा’चे विनोद अजून रोज फिरतात. घरात भास सुरू झालेल्या मुलाला डॉक्टरकडे नेताना बापाचे पाय अडखळतात, ते आजाराच्या भीतीने जेवढे, तेवढेच या हसण्याच्या भीतीने. आणि आजार लपवला की उपचार लांबतात. कॅनडात कॅल्गरीला स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाबद्दल उघडपणे बोलले, पुण्यात त्यांनी या आजारासाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि याच विषयावरच्या ‘देवराई’ चित्रपटाच्या मागे ते उभे राहिले. त्या पिढीत हे धाडस होतं. आज कुणाला उघडपणे बोलायला धाडस करावं लागू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

शाळेच्या वर्गात हटकायचं काम सगळ्यात तातडीचं आहे. गणित चुकलेल्या मुलाला ‘तुला मतिमंदांच्या शाळेत घालायला हवं’ असं शिक्षकच म्हणतात, तेव्हा वर्गातल्या सगळ्या पोरांना शिवी आणि तिचा परवाना एकदमच मिळतो. पालकसभेत यावर हात वर करा. गणेशोत्सवात मंडळाच्या प्रहसनात तोतरं बोलणारं, लाळ गाळणारं, फटके खाणारं ‘येडं’ पात्र ठरलेलं असतं. त्याला प्रयोगाच्या दिवशी नाही, तालमीलाच हरकत घ्या. संहिता बदलायला तेव्हा वेळ असतो.

आणि प्रचारसभा. कुठल्याही पक्षाचा वक्ता हे शब्द वापरू लागला, अगदी तुमच्या आवडत्या पक्षाचासुद्धा, तर मोबाईल प्रत्येकाच्या हातात असतोच. वाक्य, तारीख, ठिकाण आणि चित्रफीत निवडणूक अधिकाऱ्याकडे पाठवा. आयोगाच्या २०२३ च्या सूचनांत कलम ९२ ची आठवणही करून दिलेली आहे, अर्जात त्या कलमाचा उल्लेख करा. पोच घ्या आणि त्या अर्जाची एक प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयालाही धाडा.