नवतप्यातले 20 अंश

फिल्म धुण्यासाठी 20 अंश सेल्सिअस हे तापमान ज्याने कोणी ठरवलं, तो मे महिन्यात नागपूरला आलेला नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो. डी-76 हे नावाजलेलं डेव्हलपर कोडॅकचं, 1920 च्या दशकातलं. कोडॅकचं गाव रॉचेस्टर, न्यूयॉर्क राज्यातलं. हिवाळ्यात तिथे दारातला बर्फ फावड्याने उपसावा लागतो. त्या लोकांना 20 अंश म्हणजे घरात उठण्याबसण्याची हवा! आमच्याकडे नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पारा 45 च्या पुढे जातो आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी अंगावर घ्यायलाही माणूस धजत नाही. त्यात फिल्म कुठली घालता!

पाणी गरम असलं की रसायन घाईला येतं. साडेसात मिनिटांचं काम निम्म्या वेळात उरकू पाहतं. शिवाय फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि नख लागलं तरी खरवडून निघतो. म्हणून मी आधी माठाकडे जातो. विदर्भाच्या कोरड्या हवेत माठ मन लावून पाझरतो आणि पाणी 25 च्या आसपास आणून ठेवतो. पहिल्यांदा त्यात थर्मामीटर बुडवून उभा राहिलो तेव्हा आई म्हणाली, "आता माठालाही ताप आला का रे?"

उरलेल्या पाच अंशांसाठी बर्फ लागतो आणि खरं राजकारण तिथे सुरू होतं. फ्रीजमधल्या बर्फावर पहिला हक्क मुलीच्या सरबताचा, मग पाहुण्यांच्या पन्ह्याचा, मग माझा. तो थेट रसायनात टाकायचा नसतो, नाहीतर प्रमाण बिघडतं. परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात तीन बाटल्या गळ्यापर्यंत उभ्या करायच्या : डेव्हलपर, स्टॉप बाथ आणि हायपो. त्या गार होईपर्यंत कोणी ना कोणी येऊन परातीतला खडा उचलून तोंडात टाकतंच. हायपोला बिलगलेला खडा खाऊ नये, हे मी आता सांगायचं सोडून दिलंय.

त्याआधी फिल्म रिळावर चढवायची, तीही ठार अंधारात. आमच्या बाथरूमच्या झरोक्यातून उजेडाची एक तिरीप आत येते, म्हणून मी डोक्यावरून गोधडी घेतो. मे महिन्यात. दीड मीटरची पट्टी प्लास्टिकच्या खाचेत सरकवताना बोटाचा घाम लागला की ती जागच्या जागी चिकटते. मग ती मागे येत नाही, पुढे जात नाही आणि दिवा लावायची सोय नसते. अशाच एका दुपारी पाहुणे आले. "बाबा कुठे आहेत?" या प्रश्नाला मुलीने खरं उत्तर दिलं : "बाथरूममध्ये गोधडी पांघरून बसलेत." पाहुण्यांनी आवाज खाली घेऊन बायकोला विचारलं, "कधीपासून?"

एकदा फिल्म डबीत बंद झाली की उजेडात यायला हरकत नाही. फक्त दर मिनिटाला दहा सेकंद डबी उलटसुलट करायची. नेमका तेव्हाच दूधवाला येतो. डबी हलवतच मी दार उघडलं, तर तो म्हणाला, "ताक करून राहिले का भाऊ?" मी हो म्हणालो. खुलासा करत बसलो असतो तर दहा सेकंद चुकले असते.

घरच्यांची सहानुभूती मिळवायचा प्रयत्न मी केलाय. बायकोला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. सरस्वतीबाई संसार सांभाळून फिल्मला भोकं पाडत, ती धुवायला मदत करत. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "त्यातून 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' निघाला. तुमच्यातून काय निघालं? गेटवरचं मांजर." मग मी धातूकडे वळलो. फिल्मवरची उजेड न लागलेली चांदी हायपोत विरघळते. वापरलेल्या हायपोतून ती परत काढणाऱ्यांचा एके काळी धंदाच होता, असं सांगितलं. इथे मात्र तिने मान वर केली. "मग माझी जोडवी होतील का?" एका जोडव्यासाठी किती मांजरांचे फोटो काढावे लागतील, याचा हिशेब मी तिला सांगितला नाही.

डिसेंबरात उलटी तऱ्हा. नळ 20 च्या खाली उतरतो आणि गीझर लावावा लागतो. मधले थोडेच दिवस नळ आपणहून हवं तसं पाणी देतो आणि ते नेमके दिवाळीत, तेही पहाटे. नरकचतुर्दशीला बाथरूमबाहेर उटणं लावलेली रांग उभी होती. आत अंधारात माझं रीळ अर्धं चढलेलं. दार उघडलं असतं तर सगळी पट्टी गेली असती.

"सूर्योदयाआधी अंघोळ केली नाहीस तर नरकात जाशील!" आई बाहेरून ओरडली.

"जाऊ द्या त्यांना, आई," बायको म्हणाली, "तिथे अंधार फुकट मिळेल. बर्फाचं त्यांचं ते बघतील."