हनुवटीचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स

हनुवटीवरचा केस घरच्या आरशात सहसा सापडत नाही. बेसिनवरच्या पिवळट दिव्याखाली चेहरा निर्मळ असतो. पार्लरच्या आरशात जरा शंका येते. पण मोटारीत बसावं, व्हायझर खाली ओढून त्यामागचा छोटा आरसा उघडावा आणि बाजूच्या काचेतून सकाळचं तिरपं ऊन यावं. तो एकटा, काळा, राठ केस असा उभा असतो, जणू गेला आठवडाभर तो सगळ्या ऑफिसशी बोलत होता आणि फक्त मालकिणीलाच पत्ता नव्हता. आता पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा देशाला मोटारी पुरवणारा पट्टा. बाईच्या मनःशांतीचा शत्रू असलेला हा आरसा इथं पाळीपाळीनं, लाइनवर, टार्गेट लावून बसवला जातो. आणि तो बसवणारे हातही आता पुष्कळदा बायकांचेच असतात. टाटा मोटर्सच्या पुणे प्रकल्पात हॅरिअर आणि सफारीची जुळणी करणारी दीड हजारांहून अधिक महिलांची लाइन आहे. ज्या डोळ्याला दरवाजाची फट अर्ध्या मिलिमीटरनं चुकली तरी खटकते, त्या डोळ्याला वरच्या ओठावरची लव दिसणार नाही असं समजणं हा त्या डोळ्याचा अपमान आहे. त्या डोळ्याच्या मालकिणीला ती दिसते, मग ती लेझरचा उपचार सुरू करते, आणि चौथ्या-पाचव्या फेरीच्या आसपास बहुधा सोडून देते.

सोडू नये म्हणून हितचिंतक एकच औषध सांगतात: उमेद टिकव. माझं म्हणणं असं, की या उपचाराच्या सगळ्या जुळणीत उमेद हाच सर्वांत कच्चा पार्ट आहे. ती पहिल्या दिवशी भरपूर असते, म्हणजे जेव्हा तिची काही गरज नसते, आणि पाचव्या महिन्यात लागते तेव्हा स्टोअरमध्ये शिल्लक नसते. यात बाईचा दोष किती? जागतिक आरोग्य संघटनेनं 2003 च्या अहवालात नोंदवलंय, की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांचे उपचार नीट पाळणाऱ्यांचं प्रमाण सरासरी 50 टक्केच आहे. हे लोक रक्तदाबाचे, मधुमेहाचे. गोळी चुकली तर जिवाशी गाठ. तिथं निम्मे गळतात, तर जिथं उपचार सोडल्यानं फक्त तीन केस परत येतात तिथं कुणी गळालं म्हणून ‘तिच्यात चिकाटीच नाही’ असं म्हणायला जीभ कशी उचलते? पिंपरीत तर 1954 साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे, पेनिसिलिनसाठी उभारलेला. त्याच्या कुंपणाबाहेर राहणारी माणसंही ताप उतरला की तिसऱ्या दिवशी पाकीट कपाटात टाकतात. माणूस गुण दिसला की सोडतो आणि गुण दिसला नाही तरी सोडतो. तेव्हा माणसाच्या स्वभावावर विसंबून बांधलेली व्यवस्था टिकत नाही. हे या पट्ट्यातल्या प्रत्येक मेंटेनन्स सुपरवायझरला ठाऊक आहे. म्हणून तो ऑपरेटरच्या उत्साहावर न विसंबता मशिनच्या अंगावर तारखांचा तक्ता चिकटवतो.

तक्ता का लागतो, ते केसाच्या वागण्यात आहे. हनुवटीवरचे सगळे केस एका वेळी कामावर नसतात. काही वाढत असतात, काही वाढ थांबवून निघायच्या तयारीत असतात, काही मुळाशी नुसते पडून असतात. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो, त्याची उष्णता होते आणि ती मुळापर्यंत पोचते. 1983 मध्ये अँडरसन आणि पॅरिश या बोस्टनच्या डॉक्टरांनी मांडलेलं हे तत्त्व. पण उष्णता मुळाला भिडते ती वाढत असलेल्या केसातच. थोडक्यात, पहिल्या पाळीवाले सापडतात, बाकीचे घरी झोपलेले असतात, आणि ते कामावर येतील तेव्हा आपण पुन्हा हजर राहायचं. म्हणून चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं सहा-आठ फेऱ्या. मुळात संप्रेरकांची गडबड असेल तर त्याहून जास्त. आपल्या सावळ्या त्वचेसाठी बहुतेक डॉक्टर 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर सुरक्षित मानतात, कारण तो वरच्या कातडीतल्या रंगाला कमी डिवचतो आणि खोल जातो. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये पत्रा कापणारा फायबर लेझरही जवळजवळ याच तरंगलांबीचा असतो. पत्रा एका फेरीत कापला जातो, लव आठ फेऱ्या मागते. यावरून दोघांत चिवट कोण ते ठरवावं. आणि रस्त्याकडेच्या फ्लेक्सवर ‘नको असलेले केस कायमचे घालवा’ असं जे लिहिलेलं असतं, त्याबद्दल अमेरिकेचं औषध प्रशासन फार काटेकोर आहे. लेझरला ते ‘कायमची घट’ म्हणू देतं. ‘कायमचं उच्चाटन’ म्हणायची मुभा फक्त इलेक्ट्रॉलिसिसला, ज्यात प्रत्येक केसाच्या मुळाशी सुई घालून वीज देतात. सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्यानं 1875 मध्ये पापणीचे आत वळलेले केस काढायला ही युक्ती वापरली. मात्र ती एकेका केसाची मजुरी आहे, पीसरेटनं चालणारी.

उमेद नेमकी कुठं मरते? दुखण्यानं नाही. रबर बँड कातडीवर फटकन सोडावा तेवढंच ते दुखतं. ती मरते दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात. फेरी झाली की जळालेले केस आठवड्या-दोन आठवड्यांनी बाहेर ढकलले जातात आणि कातडीवर मिरपूड सांडल्यासारखे ठिपके दिसतात. ती पडझड असते, पण दिसते वाढ. पैसे भरून केस वाढवून घेतले असं वाटण्याचा हा मुहूर्त, आणि पुष्कळ जणी याच मुहूर्तावर उपचार सोडतात. त्यात दुसरी अट: या काळात थ्रेडिंग, वॅक्स, चिमटा सगळं बंद, कारण मूळच उपटलं तर लेझर तापवणार काय? चालतं ते फक्त रेझर. आणि इथं खानदान आडवं येतं. मराठी घरात एरवी कशावरही एकमत होत नाही, पण ‘बाईनं तोंडाला वस्तरा लावला तर दाढी येते’ यावर आजी, आत्या, पार्लरवाली आणि शेजारच्या काकू यांचं एकमत असतं. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ बाईनं 1928 मध्ये मोजमाप घेऊन दाखवलं, की दाढी केल्यानं केसाची जाडी, रंग किंवा वेग काहीही बदलत नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट. म्हणून हाताला तो खरखरतो, एवढंच. जवळजवळ शंभर वर्षं झाली, संशोधन अजून काकूंपर्यंत पोचलेलं नाही. शिवाय काकूंच्या तर्काचं टोक असं, की रोज दाढी करणाऱ्या काकांचे केस साठाव्या वर्षापर्यंत बांबूएवढे जाड व्हायला हवे होते. काका समोरच बसलेले असतात. त्यांच्याकडे कुणी पाहत नाही.

तेव्हा मोजमाप बदलावं. ‘गेले का?’ हा प्रश्न आरशाला विचारला की उत्तर रोज ‘नाही’ असंच येतं, आणि रोज नकार ऐकून कुणाचीही उमेद गळते. कारखान्यात यंत्र कधीच बिघडणार नाही अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही. मोजतात तो दोन बिघाडांमधला सरासरी काळ, ज्याला इथला प्रत्येक इंजिनिअर एमटीबीएफ म्हणतो. हनुवटीलाही तेच लावावं. जिला पूर्वी दर आठवड्याला दोरा लागत होता तिला आता महिन्यानं रेझर पुरतं, तर यंत्रणा सुधारली. आरशाचं मत काहीही असो. फोटो काढायचा तर महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी. गाडीच्या व्हायझरमध्ये रोज तपासणी करणं हा शंभर टक्के इन्स्पेक्शनचा प्रकार आहे, आणि तो माणसाला थकवतो हे क्वालिटीवाले केव्हापासून सांगताहेत. उन्हापासून चेहरा जपायचा नियम मात्र इथल्या मुलींना शिकवावा लागत नाही. दुचाकीवर डोळे सोडून सगळं मुंडकं स्कार्फनं बांधायची पुणेरी पद्धत त्वचेच्या डॉक्टरांनी सांगायच्या आधीपासून आहे. खरी अडचण वाराची. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारची, आणि कित्येक घरांत गुरुवारी केस कापायचे तर सोडाच, धुवायचेही नाहीत असा दंडक. यावर माझा शास्त्रार्थ असा: लेझर केस कापत नाही, आतून फक्त तापवतो, तो गळतो पुढच्या आठवड्यात, आपल्या सोयीच्या वारी. पाप लागलंच तर केसाला लागेल.

कुणी म्हणेल, आयुष्यभर देखभालच करायची तर हा उपचार कसला, ही तर हार झाली. पण दात घासणं ही कुणी दातांपुढची हार मानत नाही. आणि खरी हार निराळीच: कारण न शोधता नुसता केस काढत बसणं. हनुवटी, ओठ, छाती, पोट यांवर राठ केस वाढणं हे बहुतेक वेळा पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराचं लक्षण असतं, आणि जगात साधारण दहातल्या एका तरुण स्त्रीला तो असतो. त्यांतल्या बऱ्याच जणींना त्याचा पत्ताही नसतो. फेरिमन आणि गॉलवे यांनी 1961 मध्ये केसांना गुण द्यायची पद्धत बसवली. आता ते नऊ जागांवर, प्रत्येकी शून्य ते चार असे देतात; 36 पैकी साधारण आठ किंवा जास्त आले की डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतात. आपल्याकडे कमी गुण पडले म्हणून पेढे वाटावेत अशी ही बहुधा एकमेव परीक्षा. मासिक पाळी अनियमित असेल, केस एकाएकी वाढले असतील, आवाज जाड झाला असेल, तर पॅकेजच्या काउंटरवर जाण्याआधी डॉक्टर गाठावा. पालिकेच्या वायसीएम रुग्णालयातही केसपेपर निघतो, आणि या सगळ्या प्रकरणात एका फेरीत निघणारा केस तेवढाच. संप्रेरकांवरच्या गोळ्यांचा गुण दिसायला सहा महिने लागतात, कारण गोळी नवा केस बारीक करते, आधी उगवलेल्या केसाचं काही करत नाही. म्हणजे इथंही पुन्हा तारीख, तक्ता आणि सबुरी.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, त्याला कोटीनं उडवता येत नाही. काढायचेच कशाला? 2024 मध्ये उत्तर प्रदेशच्या दहावी बोर्डात पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो छापून आला आणि देशानं तिचे गुण सोडून तिचा ओठ वाचला. एकदोन गुण कमी पडले असते तर मी पहिली आले नसते आणि हे ऐकावं लागलं नसतं, अशा अर्थाचं ती बोलली. मग रेझर विकणाऱ्या एका कंपनीनं, कुणाच्या दबावाखाली आमचं रेझर वापरू नकोस, असा पोक्त सल्ला जाहिरातीतून दिला, अर्थात खाली स्वतःचं नाव छापूनच. ज्या समाजात पुरुष मिशीला पीळ भरून हिंडतो, त्याच समाजाला बाईच्या चार केसांची दहशत वाटते, हा समाजाचा आजार, बाईचा नव्हे. मान्य. पण समाजाचा उपचार आठ फेऱ्यांत होत नाही, त्याची पुढची तारीखही कुणी देत नाही. तोवर एखादीला सकाळची दहा मिनिटं आणि गाडीच्या आरशाशी तह हवा असेल तर तिला विचारधारेची परीक्षा द्यायला लावू नये. आणि जिला नकोच असेल तिनं आजच सोडावं. माझा युक्तिवाद फक्त तिच्यासाठी, जिला हवं आहे आणि तरी सुटतंय. दोघींमधला फरक कंटाळ्याच्या दिवशी कळत नाही. म्हणून सोडायचा निर्णय फेरीनंतरच्या मिरपुडीच्या आठवड्यात घेऊ नये, एवढीच अट.

आणि काही वेळा सोडणं हेच शहाणपण. पांढऱ्या केसात लेझरला धरायला काही नसतं, तिथं दहा फेऱ्या केल्या तरी प्रकाश फुकट. इलेक्ट्रॉलिसिस करा नाहीतर चिमटा घ्या. क्वचित लेझरनं आजूबाजूची बारीक लव उलट जाड होते, आणि हे आपल्यासारख्या दक्षिण आशियाई चेहऱ्यांवर जास्त नोंदवलं गेलंय. तसं दिसलं तर फेऱ्यांचे पैसे भरलेत म्हणून पुढं रेटू नका, डॉक्टरला दाखवा. बाकीच्यांनी पहिल्या भेटीत मशिन कोणतं, तरंगलांबी किती आणि हातात कोण धरणार, एवढं विचारा. आणि पुढची तारीख क्लिनिकच्या पायऱ्या उतरण्याआधी घ्या. दुसरी पाळी असेल तर सकाळची घ्या, पहिली असेल तर सुट्टीच्या दिवसाची. कारण संध्याकाळी चाकणचा तळेगाव चौक कुणाच्याही हनुवटीसाठी मोकळा होत नाही.